तेलगिरणी गल्लीची चौकशी

बोरजाईवाडी, ता. खटाव
२४ फेब्रुवारी २०२५

दोस्त रमजान,

वडूजच्या पोस्टातनं हे पत्र टाकतोय. फोन का केला न्हाई म्हनून शिव्या देऊ नगंस. तोफंनं माझं कान नेलं ते तुला ठावं हाय. फोनवर मी बोलाया लागलो की चावडीपतूर ऐकू जातंय, आन् ह्यो विषय चावडीवर न्यायचा न्हाई.

विषय आमच्या साक्षीच्या लग्नाचा. रंगूचा मावसभाऊ जोतिबा हाय न्हवं, त्यानं तुमच्या सांगलीचं एक स्थळ आनलंय. पोरगा शिवतेज. घरचा ऊस हाय, आन् सांगलीत तेलगिरणी गल्लीत 'फॅमिली रेस्टॉरंट' हाय म्हनं. फोटूत बरा दिसतोय. घरात एकटी आई, नणंद न्हाई. 'नणंद न्हाई' ऐकूनच रंगूला निम्मं लगीन झाल्यागत वाटतंय.

मला मातूर शंका हाय. हल्ली ज्याच्या त्याच्या बोर्डावर फॅमिली रेस्टॉरंट लिवलेलं असतंय आन् पडद्यामागं बाटल्या. रमजान, बारवाला जावई मला नगं. गावच्या दारूबंदीच्या ठरावावर पयली सही माझी हाय.

तवा तू गुपचूप चौकशी कर. दोनच कलमं. एक, पडद्यामागं काय हाय? दोन, पोरगा सोता घेतो का? रेजिमेंटात तू ड्रायव्हर हुतास, तुझी नजर रस्त्यावर पक्की. रिपोर्ट मुद्देसूद पायजे.

साक्षीला ह्यातलं कायबी म्हाईत न्हाई. ती पुण्याला अभ्यासिकेत हाय. चार वर्सं झाली, औंदा पोरगी अधिकारी हुनारच. तिचं ध्यान मोडायचं न्हाई.

मेहरुनबी वहिनींना नमस्कार. कँटीनमधनं माझा कोटा आनाया साताऱ्याला जायचंय, गाडी चुकंल, म्हनून थांबतो.

तुझा
लाला


सांगली
७ मार्च २०२५

प्रिय लाला,

तुझं पत्र आलं आणि तिसऱ्या दिवशी रोजे सुरू झाले. नाव माझं रमजान, महिना रमजानचा, दिवसभर तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि तू मला लावलंस खाण्यापिण्याची गल्ली फिरायला. मेहरुन म्हणाली, "लालाभाऊंना दुसरा महिना मिळाला नाही का?" मी म्हटलं, फौजी माणूस हुकूम देताना कॅलेंडर बघत नाही.

तेलगिरणी बंद पडून वीस वर्षं झाली. आता त्या शेडचे गाळे झालेत आणि गाळ्यांत पोरापोरींनी अशी दुकानं काढलीत की दारात उभं राहून विचारावं लागतं, बाबांनो, इथे मिळतं काय? एक जण जुने रेडिओ विकतो. त्यातला एकच वाजतो, आणि तो सगळ्यांत स्वस्त. जिथे सलून होतं तिथे आता गोंदवून देतात. आरसा तोच, खुर्ची तीच. एका कॅफेवाल्यानं एकोणीस सालच्या पुराची भिंतीवरची रेघ मुद्दाम ठेवलीय आणि वर दिवा लावलाय. लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. माझ्या गादीच्या दुकानातली तीच रेघ मी दोनदा चुना मारून घालवली.

पुढच्या कॅफेत भिंतीला गोधडी टांगलेली दिसली. जवळ जाऊन बघतो तर टाके आमच्या मेहरुनचे. घरी सांगितलं तर म्हणाली, "फाटली म्हणून दिली होती ती."

आता तुझी कलमं. 'अमृतवेल फॅमिली रेस्टॉरंट'मध्ये दुपारी चारला गेलो. वेटरनं विचारलं, "आत की बाहेर?"

मी म्हटलं, "फरक काय?"

"आत दिवे कमी."

तेव्हा कलम एक: पडद्यामागे परमिट रूम आहे. बाहेर चार टेबलं फॅमिलीची, आत अकरा बिनफॅमिलीची.

कलम दोन: शिवतेज गल्ल्यावर बसला होता. पुढ्यात ताकाचा पेला. मी काहीच मागवत नाही म्हटल्यावर त्याला वाटलं महापालिकेचा माणूस आला. उठून उभा राहिला, पंखा माझ्याकडे वळवला. मी सांगितलं, गादीवाला आहे, खुर्च्यांच्या गाद्या बघायला आलोय. तर लाला, त्यानं खरंच आतल्या सगळ्या खुर्च्यांचं काम मला दिलं! तुझा हेर तुझ्या होणाऱ्या जावयाच्या नोकरीला लागला.

म्हणून मग दोन दिवस जाऊन बसलो आणि चौकशी नीट झाली. पोरगा थेंबालाही शिवत नाही. वेटर म्हणाला, "शेठला वासानं डोकं दुखतं." बारवाला पीत नाही, आणि बारवाला जावई नको म्हणणाऱ्याचा बाटल्यांचा कोटा साताऱ्याहून येतो. मी फक्त रिपोर्ट देतोय.

एकच गोष्ट चमत्कारिक. स्वतःचं एवढं स्वयंपाकघर असून शिवतेज रोज दुपारी जेवायला समोर जातो. समोर 'कट-ऑफ' नावाचा कॅफे आहे. तिथे अजून गेलो नाही.

तुझा
रमजान


बोरजाईवाडी
१३ मार्च २०२५

रमजान,

कोटा सरकारनं दिलेला हाय. देशानं दिलेली वस्तू नाकारनं म्हंजे अपमान. त्यो ठराव देशी दारूबद्दल हुता, माझी सही वाचून बघ.

परमिट रूमचं रंगूला सांगितलं. मला वाटलं डोक्याला हात लावंल. तर म्हनती, "पीत न्हाई न्हवं? मग कुनीतरी दुसरं प्यालं तर आपलं काय जातंय?" जोतिबा म्हनतो, आता बारला लय मान हाय. मी नकार कळवनार हुतो, पर घरात एकाविरुद्ध दोन झाल्यात.

पर त्ये समोर जेवायचं मला खटकतंय. घरचं चुलान सोडून गडी रोज समोर जातोय म्हंजे भाजीसाठी जात न्हाई. तितं नक्की कुनीतरी पोरगी हाय. जा, बघ. नाव, गाव, घरानं, सगळं काढ. माझ्या साक्षीच्या आयुष्याचा प्रश्न हाय.

लाला


सांगली
१८ मार्च २०२५

रमजानचाचा,

दुकान बंद आहे, तुम्ही नमाजाला गेलात असं शेजारी म्हणाले. तुमचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून ही चिठ्ठी फळीच्या फटीतून टाकतेय.

काल दुपारी तुम्ही आमच्या कॅफेच्या दारात आलात तेव्हा मी दूधवाल्यावर ओरडत होते, "आवं धुळामामा, ती किटली हिकडं आना की!" तुम्ही गर्रकन वळून बघितलंत. आमच्या घरात सगळेच असे ओरडून बोलतात, आबांच्या कानांमुळं. तुम्ही "लालाची साक्षी?" एवढंच म्हणालात आणि मी दिलेलं पाणी न घेता निघून गेलात. तुमचा रोजा होता हे प्रांजलनं मला नंतर सांगितलं. तोवर मला वाटलं, तुम्ही रागानं घेतलं नाही.

चाचा, मी पुण्यात नाही. दिवाळीनंतर पुणं सोडलं. दोनदा पूर्व परीक्षा दिली, दोनदा राहिले. दुसऱ्यांदा सव्वा गुणानं. तिसऱ्यांदा फॉर्म भरायला बसले तर हातच चालेना. प्रांजल माझ्याच अभ्यासिकेत होती, तिचं माझ्याहून वाईट. हा गाळा तिच्या आजोबांचा. दोघींनी मिळून कॅफे काढला आणि नाव ठेवलं कट-ऑफ. पोहे आणि चहा म्हणजे 'पूर्व', जेवणाचं ताट म्हणजे 'मुख्य', आणि कॉफी घेतली की हवा तेवढा वेळ बसायची मुभा, ती 'मुलाखत'. आधी चेष्टेनं केलं होतं, पण आता सांगलीतली अभ्यासाची निम्मी पोरं इथंच बसतात.

घरी मी अजून पुण्यातच आहे. एक मेला गावी जाणार आहे, तेव्हा मीच आबांना सांगेन. तोवर तुम्ही काही लिहू नका. पाया पडते.

आणि समोरच्या शिवतेजबद्दल तुम्ही वेटरला का विचारत होता? तो इथं रोज जेवतो. जेवून झालं की "मीठ बरोबर आहे" म्हणतो आणि जातो. चार महिन्यांत दुसरं वाक्य ऐकलं नाही.

तुमची
साक्षी


सांगली
२२ मार्च २०२५

प्रिय लाला,

रोजा धरून खोटं बोललं तर माणूस नुसता उपाशी राहतो, असं आमचे मौलाना सांगतात. म्हणून या पत्रातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त सावकाश वाच.

पहिली गोष्ट. साक्षी भेटली, इथेच, सांगलीत. प्रांजल म्हणून तिची पुण्याच्या अभ्यासिकेतली मैत्रीण आहे, तिच्याकडे आलीये. तब्येत उत्तम. पहाटे पाचला उठते. तिच्याभोवती सारखी अभ्यासाचीच पोरं. सकाळी पूर्व, दुपारी मुख्य, संध्याकाळी पुन्हा पूर्व. पूर्व तर आता तिच्या हातचा मळ झालीय. मुख्य फार छान होते, असं ज्यांनी पाहिलं ते सगळे सांगतात. मुलाखतीचं म्हणशील तर तास तास चालते. एवढी मेहनत मी आपल्या रेजिमेंटातही फार थोड्यांची पाहिली.

दुसरी गोष्ट. समोरच्या कॅफेत मुलगी आहे का? आहे. शिवतेज तिच्यासाठीच तिथे जेवतो, असं मलाही वाटतं. तिला याचा पत्ता नाही. मुलगी सरळ, कष्टाळू. घराणं तुझ्याइतकंच चांगलं. बाप फौजी. फक्त आपली मुलगी कॅफे चालवते हे त्या बापाला ठाऊक नाही. नाव विचारू नकोस, मी शब्द दिलाय.

मेहरुननं हे पत्र वाचलं आणि म्हणाली, "खोटं काही नाही यात, पण खरं लिहिलं असतंत तर कमी पाप लागलं असतं." बायकांना बारकावे कळत नाहीत.

तुझा
रमजान


बोरजाईवाडी
२ एप्रिल २०२५

जिवाच्या दोस्ता,

तुला आन् वहिनींना ईद मुबारक! गड्या, तुझं पत्र वाचून मी पायात पायतान न घालता सरपंचाच्या घरी गेलो. पूर्व हातचा मळ! म्हंजे पास झाली की पोरगी! आन् मुख्यची तयारी जोरात! आमाला सांगितलं न्हाई, एकदम अधिकारी हुऊनच सांगायचं आसंल तिच्या मनात. मी तिला इचारलं न्हाई. तिचा आनंद आपुन का मोडायचा?

पर गावाला दम निघाला न्हाई. एसटी थांब्यावर फ्लेक्स लागलाय, धा बाय बाराचा. साक्षीचा कॉलेजातला फोटू, खाली 'भावी उपजिल्हाधिकारी'. एका कोपऱ्यात माझा वर्दीतला फोटू हाय, दुसऱ्या कोपऱ्यात सरपंच, आन् त्यो आमच्या दोघांपेक्षा मोठा आलाय. एक मेला शाळंच्या पटांगणात तिचा सत्कार ठरलाय. रंगूनं तिला फोन करून नुसतं "ये" म्हनून सांगितलंय. तिकडं शिवतेजच्या आईला जोतिबानं कळवलं, तर बाई म्हनं हरखून गेली. अधिकारी सून पायजे हुतीच तिला.

आता त्या दुसऱ्या पोरीचं. तिलाच पत्ता न्हाई म्हंजे तितं काय जमत न्हाई, त्ये सोड. रमजान, त्या बापाचं नाव तू सांगू नगंस, पर त्याला पत्र लिव. फौजी आसून आपली पोरगी कुटं हाय, काय करती, त्याला पत्ता न्हाई? कसला बाप म्हनायचा त्यो? आंधळा का बहिरा? पोरगी परक्या गावात पोहं इकती आन् ह्यो गावात मिशीला पीळ देत बसला आसंल. त्याला माझ्या शब्दांत सांग. कुनीतरी सांगाया पायजे. हा माझा हुकूम समज.

तुझा
लाला


सांगली
७ एप्रिल २०२५

लाला,

तुझ्या हुकुमाप्रमाणे त्या बापाला पत्र लिहितोय. हेच ते पत्र.

कट-ऑफ साक्षीचा आहे. साक्षी आणि प्रांजलचा. 'पूर्व' म्हणजे तिथले पोहे आणि चहा. 'मुख्य' म्हणजे जेवणाचं ताट. 'मुलाखत' म्हणजे कॉफी. परीक्षा तिनं दोनदा दिली, दोन्ही वेळा पूर्वलाच राहिली, आणि दिवाळीनंतर पुणं सोडलं. एक मेला गावी येऊन ती स्वतः तुला सांगणार होती. मी तिला गप्प राहायचा शब्द दिला होता. गप्पच राहिलो असतो तर बरं होतं. मी शहाणपणा केला. शब्दांशी खेळलो, मनातल्या मनात हसलो, आणि तुझ्या गावात धा बाय बाराचा फ्लेक्स लागला. गुन्हा माझा आहे, पोरीचा नाही.

ईदच्या दिवशी ती शीरखुर्म्याला आमच्याकडे आली होती. मेहरुननं तिला विचारलं, "बेटी, बापाला सांगायला काय झालं होतं? लालाभाऊ काय खाणार होते का तुला?"

ती वाटीत चमचा फिरवत बसली. मग म्हणाली, "चाची, आबांना हळू बोललेलं ऐकू येत नाही. त्यांना काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं. मी नापास झाले हे ओरडून कसं सांगू?"

मेहरुन उठून आत गेली.

मी त्या कॅफेत आता जेवून आलोय, लाला. तिथे कोपऱ्यात एक पल्लवी म्हणून तासगावची मुलगी बसते. तिसऱ्यांदा परीक्षा देतेय. निकालाच्या दिवशी ती टेबलावर डोकं ठेवून पडली होती. साक्षी तिच्याशेजारी जाऊन बसली. एक शब्द बोलली नाही. गिऱ्हाइकं खोळंबली, प्रांजल हाका मारत होती, पण ही तासभर उठली नाही. हे कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत.

मला काय शिव्या द्यायच्या त्या दे. पण दे.

रमजान


सांगली
२० एप्रिल २०२५

लाला,

तेरा दिवस झाले. तू लिहीत नाहीस म्हणजे काय ते मी समजतो.

साक्षीला मी सगळं सांगितलं: फ्लेक्स, सत्कार, स्थळ. फ्लेक्स केवढा आहे ते तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "जाणार आहे मी. शाल घालायच्या आधी सांगेन."

स्थळाचं ऐकून मात्र तिला हसू आवरेना. शिवतेजला मी गाद्या द्यायला गेलो तेव्हा खरं काय ते विचारून घेतलं. लाला, जोतिबानं हे स्थळ शोधलेलं नाही. शिवतेजनंच तिचं गाव काढलं, जोतिबाला गाठलं आणि त्याच्याकरवी मागणं घातलं. गल्ली वीस पावलांची. ती ओलांडून विचारायची छाती झाली नाही, म्हणून गडी खटाव तालुका फिरून आला! आणि आईला मुलगी कॅफेवाली चालणार नाही म्हणून तिला सांगितलं, पुण्याला अधिकारीपदाचा अभ्यास करते. म्हणजे खोट्याच्या बाबतीत दोन्ही घरं अगदी तोलामोलाची आहेत.

साक्षी म्हणाली, "तोंडानं विचारलं असतं तर निदान ऐकून तरी घेतलं असतं."

एक ओळ लिही. नुसतं 'मेलास' लिहिलंस तरी चालेल.

रमजान


बोरजाईवाडी
६ मे २०२५

रमजान,

तुझं सात एप्रिलचं पत्र मी तीनदा वाचलं. सावकाश.

तू माझ्याशी खेळलास, त्याचं भांडान समोरासमोर हुईल. पत्रात मावनार न्हाई. पर झालं काय ते तुला कळाय पायजे.

सोळा एप्रिलला मी सांगलीला येऊन गेलो. तुला सांगितलं न्हाई, रंगूलाबी न्हाई. वडूजला कामाला जातो म्हनलं आन् विट्यावरनं गाडी धरली. तुझं पयलं पत्र खिशात हुतं, तेच बघत बघत गल्लीत शिरलो. रेडिओवाला बघितला. वहिनींची गोधडी बघितली. तिथला पोरगा वराडला, "काका, हात लावू नका!"

मग कट-ऑफला जाऊन बसलो. साक्षी न्हवती. प्रांजल आली, काय बोलली ते कळालं न्हाई. मी कानाला हात लावला. तर पोरीनं वहीचं पान फाडून लिवलं, 'काका, काय देऊ?' मी बोट ठिवलं 'मुख्य'वर. रमजान, ज्या मुख्यसाठी मी गावभर नाचलो, ती माझ्या म्होरं ताटात आली. ज्वारीची भाकरी, मसूर आमटी, कांदा. आमटीला खटावचा तडका हुता, रंगूच्या हातचा. मी सगळं ताट संपिवलं.

तिची वाट बघायला जीव झाला न्हाई. भेटली आसती तर काय बोललो आसतो? उठलो आन् समोर अमृतवेलमधी गेलो. वेटरनं बोटानं दावून इचारलं, आत का बाहीर? मी आत बसलो. नुसता सोडा मागिवला. वेटर माझ्याकडं असा बघाया लागला की मीच कायतरी बेकायदा करतोय. दारूबंदीवर पयली सही करनारा मानूस सोताच्या पोरीला बघाया बारच्या पडद्यामागं बसला हुता.

तितनं ती दिसली. स्कुटीवरनं भाजीची पोती उतरिवली. कुनालातरी दम दिला. मग टेबलं पुसली, एका पोरीच्या वहीत वाकून कायतरी दावलं. मला ऐकू कायबी येत न्हवतं, नुसतं दिसत हुतं. चार वर्सं मी तिला इचारत हुतो, "अभ्यास कसा चाललाय?" तिचं काय चाललंय ते कवा इचारलंच न्हाई.

तशीच गाडी धरून घरी आलो. तुला का लिवलं न्हाई? मला वाटलं, कायतरी रस्ता निघंल. सरपंचाला फ्लेक्स काढा म्हनून सांगाया दोनदा गेलो, दोनदा चा पिऊन आलो.

एक तारखेला पोरगी आली. थांब्यावर उतरली, सोताचा फ्लेक्स बघितला, आन् सरळ पटांगणात आली. साऱ्या वाडीची मानसं. सरपंचानं भाषान आधी केलं आन् शाल, नारळ लगोलग देऊन टाकला, पोरीला बोलू दिलंच न्हाई. ती माईककडं निगाली. तवा मी उठलो. तिच्याआधी माईक धरला.

मी म्हनलं, "पोरगी पास न्हाई. तिनं तसं कुनाला सांगितलंबी न्हाई. पत्र मी चुकीचं वाचलं आन् तुमी फ्लेक्स लावला. ती सांगलीत खानावळ चालवती. मी तितं जेवून आलोय."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, रमजान, की मी माईक सोडून खाली बसलो. मग ती बोलली. "दोनदा बसले, दोनदा पडले. आता कॅफे चालवते, आणि तो चालतोय. नारळ परत पायजे तर घ्या. शाल ठेवून घेते, रंग चांगला आहे." बायका हसल्या. सरपंच म्हनला, सत्कार प्रयत्नाचा समजावा. चार-पाच वर्सं 'तयारी' करनारी आमची दोन-तीन पोरं मागच्या मागं निघून गेली.

सांजच्याला ती रंगूसंगं भांडी घासत हुती. मी पायरीवर बसलो. म्हनलं, "मला का न्हाई सांगितलंस?" ती खाली मान घालून कायतरी बोलली. मी म्हनलं, "मोठ्यानं बोल." तर वराडलीच, "भ्या वाटत हुतं, आबा!" शेजारची आनशी दारात आली. रंगू रडाया लागली. मी पोरीच्या हातातली परात घितली आन् इसळाया लागलो. दुसरं काय कराया सुचलंच न्हाई.

रंगू माझ्याशी अजून धड बोलत न्हाई. पोरीवर तिचा राग न्हाई. मी सांगलीत तिच्या हातच्या चवीचं जेवून आलो आन् घरी येऊन गप पुन्हा जेवलो, ह्याचा राग हाय.

तिसऱ्या दिशी जोतिबा आला. शिवतेजच्या आईचा निरोप घिऊन. "आमाला अधिकारी सून पायजे हुती. हाटेलवाली नगं, चार मानसांत बरं दिसत न्हाई." आता ह्ये बारवाल्यांनी आमाला सांगायचं! जे स्थळ मलाच नगं हुतं, त्यांनी माझ्या पोरीला नगं म्हनावं? मी जोतिबावर असा वराडलो की गोठ्यातली म्हस उठली. "हाटेल न्हाई, कॅफे म्हन!" म्हनलं.

आन् काल दुपारी सोता शिवतेज आला, मोटारसायकलवर, एकटा. घामानं डबडबलेला. आईच्या निरोपाबद्दल माफी मागितली. मग घसा साफ करून म्हनला, "तुमची परवानगी असंल तर..." मी म्हनलं, "माझी कशाला? लगीन तिला करायचं का न्हाई त्ये तिला ठरवू दे. तिला इचार." दिवसभर दारुडे सांभाळनारा गडी, पर ह्यावर त्याचं तोंड उतरलं. म्हनला, "ती न्हाई म्हनली तर?" मी म्हनलं, "म्हनंल की. तिचा हक्क हाय." रंगूनं त्याला जेवाय वाढलं. जेवून गेला.

गेला त्यो सरळ कट-ऑफला गेला, का घरी, मला ठावं न्हाई. इचारलं का न्हाई, ती काय म्हनली, त्येबी ठावं न्हाई. तू रोज त्या गल्लीत जातोस, तुला दिसंल.

मला कळवू नगंस. तिला सांगायचं आसंल तवा ती सांगंल. चौकशी आता बास.

तुझा
लाला